न घेतलेल्या दारूची गोष्ट

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणं आटोपल्यावर आम्ही सात-आठ पन्नाशी-साठीतले पुरुष एका टेबलाभोवती गप्पा मारत बसलो होतो. या वयात गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी तब्येतीवरच येतात. एकानं सांगितलं, "मला फॅटी लिव्हर निघालंय, ग्रेड वन." दुसरा म्हणाला, "माझं ग्रेड टू." शाळेत प्रगतिपुस्तकातले मार्क सांगायचो त्याच थाटात! त्या टेबलावर पाच जणांना हा प्रकार होता, आणि त्यातले तिघे तर कधी बिअरच्या बाटलीलाही न शिवलेले. तेवढ्यात कुणीतरी डोळा मारून म्हणालं, "काय राव, घरी गुपचूप चालू असतं वाटतं!" सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. हेच वाक्य मी लहानपणी आमच्या घराण्याविषयी ऐकलं होतं, आणि तेव्हा ते विनोदानं बोललं गेलं नव्हतं.

माझ्या मामांचं सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी किराणा दुकान होतं. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आणि आषाढीला पंढरीची वारी. मांस-मच्छी वर्ज्य, मग दारूचं तर नावच नको. वारीचे दिवस सोडले तर बाकी वर्षभर त्यांची बैठक दुकानातल्या गादीवर. गुळाचा चहा दिवसातून आठ-दहा वेळा. हातपाय काटकुळे, पण पोट मात्र धोतराच्या बाहेर आलेलं. चाळिशीनंतर त्यांच्या 'लघवीतून साखर जाते' असं निदान झालं होतं. १९७७ साली मामांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठलं. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी तपासलं आणि मामींना बाजूला घेऊन विचारलं, "किती वर्षं घेतात?"

मामींनी विचारलं, "काय घेतात?"

दोन महिन्यांत मामा गेले. तो प्रश्न मात्र मागे राहिला आणि दवाखान्यातून गावात आला. "माळ घालून पीत होता. नाहीतर लिव्हर काय उगाच सडतं?" माझ्या मामेबहिणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न या कुजबुजीपायी मोडलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, डॉक्टर कशाला खोटं बोलतील? एकट्या आईनं शेवटपर्यंत सांगितलं, "माझा दादा पीत नव्हता." तिचं कुणी ऐकलं नाही.

पुढे मी शिकलो, अमेरिकेत आलो, मिनेसोटात स्थायिक झालो. २०११ सालच्या वार्षिक तपासणीत माझी लिव्हर एन्झाइम्स वाढलेली निघाली. इथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "आठवड्याला किती ड्रिंक्स?" मी म्हटलं, "शून्य." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ती नजर मी ओळखली. सोनोग्राफी झाली, यकृतात चरबी दिसली. औषधांपेक्षा मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. चौतीस वर्षांत आणि आठ हजार मैलांत हा प्रश्न बदलला कसा नाही?

मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. पण जुनी कागदपत्रं वाचायचा नाद आहे. तेव्हापासून या आजाराचा इतिहास जमेल तसा वाचत आलो, त्यातलं काही आज तुमच्यापुढे ठेवतो.

अंजीर खाणारे पक्षी

सुरुवात शब्दापासून करू. आपला संस्कृत 'यकृत', फारसीतून आलेला 'जिगर', लॅटिनमधला 'इएकुर' आणि ग्रीकमधला 'हेपार' (ज्याच्यावरून हिपॅटायटिस आला) हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठी 'काळीज' म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो, पण खाटकाकडे 'कलेजी' मागितली की तो यकृतच देतो.

खरी गंमत मात्र फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांची आहे. त्यांचे यकृताचे शब्द 'फ्वा', 'फेगातो' आणि 'इगादो' हे 'इएकुर'वरून आलेले नाहीत. ते आले अंजिरावरून! रोमन लोक गूस पक्ष्यांना (हंसाचे हे जाडजूड भाऊबंद) अंजीर चारचारून त्यांचं यकृत फुगवत आणि मिटक्या मारत खात. त्या पदार्थाला ते 'इएकुर फिकातुम' म्हणजे 'अंजिरी यकृत' म्हणायचे. पुढे 'यकृत' गळून पडलं आणि 'अंजिरी' हाच यकृताचा शब्द होऊन बसला. म्हणजे अर्ध्या युरोपात साध्या निरोगी यकृताचं नावसुद्धा फॅटी लिव्हरवरून पडलेलं आहे.

ही युक्ती रोमनांचीही नव्हे. इजिप्तमध्ये सक्काराला कागेम्नी नावाच्या अधिकाऱ्याचं चार हजार वर्षांहून जुनं थडगं आहे. तिथल्या भिंतीवर पक्ष्यांना धरून त्यांच्या घशात खाद्याचे गोळे कोंबणारी माणसं कोरलेली आहेत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या पक्ष्यांना कुणी दारू पाजत नव्हतं. अंजीर किंवा धान्य, म्हणजे साखर आणि पिष्ट, गरजेपेक्षा जास्त पोटात गेलं की यकृत त्याची चरबी करून साठवतं. हे स्वयंपाक्यांना हजारो वर्षं ठाऊक होतं. रानातले पक्षीही लांबच्या प्रवासाआधी भरपूर खाऊन अंगात आणि यकृतात चरबी साठवतात, आणि हजारो मैल उडताना ती जाळून टाकतात. ऑक्टोबरात आमच्या इथल्या तळ्यांवरून गूसचे थवे दक्षिणेकडे निघतात तेव्हा मला दर वेळी वाटतं, स्थलांतर आपणही केलं, पण विमानात बसून. साठवण झाली, उडणं राहिलं.

डॉक्टरांची पक्की समजूत

स्वयंपाक्यांना जे कळलं होतं ते डॉक्टरांना कळायला मात्र फार वेळ लागला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन (ज्यांच्या नावानं ॲडिसन्स डिसीज ओळखला जातो तेच) यांनी १८३६ साली यकृताच्या चरबीयुक्त ऱ्हासाचं वर्णन केलं, आणि त्याचा संबंध दारूशी जोडला. १८४२ मध्ये विल्यम बोमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली यकृताच्या पेशींत साठलेले चरबीचे थेंब पाहून त्यांचं वर्णन लिहिलं. दारूचा संबंध खोटा नव्हता, आजही नाही. दारूनं यकृत चरबट होतं, सुजतं आणि शेवटी दगडासारखं कडक होतं, ज्याला आपण सिऱ्होसिस म्हणतो. चूक होती ती उलट दिशेनं तर्क करण्यात. दारूनं असं होतं, म्हणून असं झालं तर दारूच असणार! पावसानं अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं नव्हे. कुणी सडाही घातलेला असू शकतो. पण ही समजूत एकदा बसली ती बसलीच.

वेगळा पुरावा समोर येत नव्हता असंही नाही. कॅनडात टोरोंटोला इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर, स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवले जात. त्या कुत्र्यांची यकृतं चरबीनं भरायची. इन्सुलिनच्या शोधातले एक भागीदार चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की आहारात कोलीन नावाचा घटक मिळाला की ही चरबी साठत नाही. १९४९ साली बेस्ट यांच्याच गटानं उंदरांवरचा आणखी एक प्रयोग ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. काही उंदरांना दारू दिली, काहींना तेवढ्याच कॅलरीजची साखर. दोन्हींच्या यकृताला इजा झाली, आणि दोन्हींत कोलीननं ती टळली. १९५२ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या सॅम्युएल झेलमन यांनी लठ्ठ माणसांच्या यकृताचा अभ्यास करून तिथंही तीच बिघाडाची चिन्हं दाखवली. कुत्रे पीत नव्हते, साखर खाणारे उंदीर पीत नव्हते. तरीही दवाखान्यातला प्रश्न तोच, "किती वर्षं घेता?"

नाव मिळालं ते १९८० साली

मी राहतो तिथून दीड तासावर रोचेस्टर गाव आहे. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं रोजचं काम. काही तुकडे हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखे दिसत, पण रुग्ण म्हणत, आम्ही पीत नाही. लुडविग आणि सहकाऱ्यांनी अशा वीस रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांत बायका जास्त होत्या, बहुतेक जण वजनानं जास्त होते, अनेकांना मधुमेहासारखे आजार होते. १९८० साली त्यांनी जो लेख छापला त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा आजवर नाव नसलेला आजार आहे. त्यांनी त्याला नाव दिलं 'नॉनअल्कोहोलिक स्टिएटोहिपॅटायटिस', म्हणजे दारूशिवाय होणारी यकृताची चरबट सूज.

विज्ञानाच्या पुस्तकात ही एका ओळीची नोंद आहे. माझ्या दृष्टीनं लुडविग यांचं मोठेपण सूक्ष्मदर्शकात नाही. त्यांच्या आधीही पुष्कळांनी तेच चित्र पाहिलं होतं. लुडविग यांनी रुग्णांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

साल पुन्हा एकदा पाहा. १९८०. माझे मामा गेले १९७७ मध्ये, त्यांच्या आजाराला नाव मिळण्याच्या तीन वर्षं आधी.

प्रामाणिकपणे सांगतो, मामांना हाच आजार होता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. त्यांच्या यकृताचा तुकडा कुणी तपासला नव्हता. काविळीचा बी विषाणू असू शकतो. सी विषाणू तर ओळखला गेला तोच १९८९ साली. पण सुटलेलं पोट, मधुमेह, बैठं काम, गोड चहा हे सगळं एकत्र मांडलं की उत्तर कुठे झुकतं ते दिसतं. आणि काहीही असलं, तरी दारूशिवाय यकृत जाण्याचे इतके रस्ते असताना त्या डॉक्टरांना एकच ठाऊक होता.

२०११ साली मी आईला फोनवर माझं निदान सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दारूला न शिवताही असं होतं?"

"होतं, आई."

"डॉक्टर लोक मानतात हे?"

"मानतात. एकोणीसशे ऐंशीपासून मानतात."

"मग एवढं मला कागदावर लिहून दे. मराठीत."

पुण्याचा फोटो

आता आपल्याकडे येऊ, कारण या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान पुण्यात लिहिलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो छापून आला. दोघंही सडसडीत, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स बरोब्बर २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघे सारखे, पण आत दुपटीपेक्षा जास्त फरक.

याचं मूळ कुठे? याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमध्ये साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी खरी, पण कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. याला ते 'थिन-फॅट' बाळ म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटी आयांनी दिलेला हा वारसा आहे. तो जपून ठेवणाऱ्या शरीरात पुढे भरपूर साखर, तूप आणि खुर्ची आली की चरबी कातडीखाली मावत नाही आणि पोटात, यकृतात शिरते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण, बारीक, निरोगी पुरुषांच्या यकृतातली चरबी मोजली तेव्हा भारतीय वंशाच्या तरुणांत ती गोऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांतला अभ्यास छापून आला. कष्ट करणारी, बहुतांशी सडपातळ माणसं, तरीही त्यांच्यात फॅटी लिव्हर सापडलं. चरकानं तर फार पूर्वीच प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे सांगून ठेवले आहेत. मामांचे काटकुळे हातपाय आणि सुटलेलं पोट आठवा. "एवढा बारीक माणूस, त्याला कसलं चरबीचं दुखणं!" हे वाक्य आपल्या घरांत पुन्हा उच्चारू नका. आपल्यासाठी इंडेक्स २३ च्या वर गेला की सावध व्हायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत ठेवायची. शिंप्याची टेप वजनकाट्यापेक्षा खरं बोलते.

नव्या बारशानंतर

आज जगातल्या प्रौढांपैकी साधारण तिघांत एकाच्या यकृतात जादा चरबी आहे असा अंदाज आहे. भारत सरकारनं २०२१ मध्ये आपल्या मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं पुन्हा बारसं केलं. 'फॅटी' आणि 'अल्कोहोलिक' हे दोन्ही शब्द रुग्णाला खाली पाहायला लावतात म्हणून ते काढून लांबलचक नवं नाव ठेवलं, ज्याचं लघुरूप 'मॅसल्ड' असं आहे. त्यातल्या 'स्टिएटॉटिक'चा ग्रीक अर्थ चरबीचाच, पण ग्रीकमध्ये कुणाला लाज वाटत नाही! हे बारसं काहींना थट्टेचं वाटतं. मला वाटत नाही. एका शब्दापायी माझ्या मामेबहिणीचं लग्न मोडलं होतं.

मग करायचं काय? घाबरायचं नाही. चरबी साठलेल्या बहुतेकांचं यकृत कधीच सिऱ्होसिसपर्यंत जात नाही. पण मधुमेह आणि हृदयविकार याच वाटेनं चालत येतात, म्हणून दुर्लक्षही नको. 'ग्रेड वन, ग्रेड टू' हे सोनोग्राफीवर दिसणाऱ्या चरबीचे मार्क आहेत. खरा महत्त्वाचा प्रश्न असतो यकृतात वण, म्हणजे फायब्रोसिस, किती आहेत हा. वय, दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून 'फिब-४' नावाचा आकडा निघतो. तो डॉक्टरांना विचारा. शंका आली तर फायब्रोस्कॅन करतात. त्यात सुई टोचत नाहीत.

उपायांत पहिला नंबर आजही वजनाचाच आहे. क्यूबात २९३ रुग्णांवर वर्षभर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांची सूज गेली आणि पंचेचाळीस टक्क्यांचे वणही कमी झाले. मात्र एवढं वजन उतरवणं जमलं ते दहांतल्या एकालाच, हेही सांगायला हवं. पाच-सात टक्क्यांनीही फायदा होतो. पण उपाशी राहून झटपट उतरवू नका, त्यानं यकृत उलट बिघडू शकतं. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत या आजारावरचं पहिलं औषध, रेस्मेटिरोम, मंजूर झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही या आजारासाठी मान्यता मिळाली. दोन्ही मध्यम ते जास्त वण असलेल्यांसाठी आहेत, सरसकट नाहीत. आणि भारतातून येताना कुणाकडून लिव्हर टॉनिकच्या बाटल्या मागवू नका.

मी काय केलं? चहातली साखर आधी अर्धी आणि मग बंद. सकाळचा ऑरेंज ज्यूस बंद, त्याऐवजी अख्खं संत्रं. कारण फळातली फ्रुक्टोज साखर बहुतांशी यकृतातच जाते, आणि ग्लासभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात आत शिरते. भात एक वाटी. रोज पाऊण तास चालणं; मिनेसोटाच्या थंडीत मॉलमध्ये फेऱ्या. बिनसाखरेची कॉफी घेतो; कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे वण कमी आढळतात. दारू आधीही नव्हतीच. जे घेतात त्यांनी या आजारात तीही सोडलेली बरी. दीड वर्षात सात किलो उतरले, एन्झाइम्स ताळ्यावर आली. मधल्या काळात तीन किलो परत चढलेही, ते पुन्हा उतरवले. हे असं चालूच राहतं.

आईला मी तेव्हा एक पानाचं पत्र लिहिलं होतं. यकृत चरबीनं बिघडायला दारू लागत नाही. मधुमेह आणि पोटाची चरबी पुरेशी असते. मामा गेले तेव्हा हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. बस्स, एवढंच. आईनं ते मामेबहिणीला वाचून दाखवलं. आई २०१६ साली गेली. पुढच्या वर्षी मी गावी गेलो तेव्हा मामेबहिणीनं पत्र्याच्या पेटीतून एक फाईल काढली. रेशनकार्ड, सातबारा, मामांचा मृत्यूचा दाखला, आणि त्याला टाचणीनं लावलेलं माझं पत्र.

"दाखल्यासोबतच राहू दे म्हटलं," ती म्हणाली.

तेव्हा मंडळी, यंदाच्या फराळाला एखादी करंजी जरूर खा. पण टेबलाभोवती कुणी आपलं फॅटी लिव्हर सांगितलं, तर डोळा मारायच्या आधी थोडं थांबा.